हायड्रोकार्बन हवेत गेल्यावर

पृथ्वीवरची झाडे दर वर्षी साधारण ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. पाणथळ जागा, गुरे, भातशेती, कचरा, कोळशाच्या खाणी, तेलविहिरी या सगळ्यांतून मिळून दर वर्षी हवेत जाणारा मिथेन साधारण ६० कोटी टन भरतो. दोन्ही हायड्रोकार्बनच, आणि वजनातही फारसे अंतर नाही. तरी १८५०-१९०० च्या तुलनेत पृथ्वी जी तापली आहे, त्यात मिथेनचा वाटा अर्ध्या अंशाच्या आसपास आहे, आणि आयसोप्रीनचे नावही बहुतेकांच्या कानावर आलेले नसते. फरक आहे तो आयुष्याचा. आयसोप्रीनचा रेणू दिवसाउजेडी तासा-दोन तासांत मोडतो. मिथेनचा रेणू सरासरी नऊ-दहा वर्षे टिकून राहतो.

हायड्रोकार्बनच्या उत्सर्जनाची चर्चा बहुतेक वेळा टनांच्या आकड्यांवर येऊन थांबते. कोणी किती सोडले, कोणाचा वाटा किती. हे आकडे गरजेचे आहेतच, पण नुसत्या टनांवरून परिणामांचा अंदाज बांधायला गेलो तर फसायला होते. रेणू किती दिवस टिकतो आणि तेवढ्या दिवसांत हवेत त्याची कोणाशी गाठ पडते, यावर पुढचे सगळे ठरते. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः या गाठीभेटींबद्दल आहे.

आधी थोडी ओळख. कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांपासून बनलेली संयुगे म्हणजे हायड्रोकार्बन. एका कार्बनभोवती चार हायड्रोजन असले की मिथेन झाला. कार्बनची साखळी वाढत गेली की इथेन, प्रोपेन, ब्युटेन असे पुढचे सदस्य मिळतात. या साखळ्यांतले बंध एकेरी आणि घट्ट असतात, त्यामुळे ते सहजासहजी तुटत नाहीत. इथिलीन, आयसोप्रीन, टर्पिन यांच्यात कार्बन-कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. रासायनिक हल्ल्याला सगळ्यात आधी तोच बळी पडतो, म्हणून हे रेणू अल्पायुषी. बेंझीन, टोल्युइन, झायलीन यांच्यात सहा कार्बनचे वलय असते आणि त्यांचे आयुष्य या दोन टोकांच्या मधे कुठेतरी पडते. मिथेन इतका वेगळा वागतो की शास्त्रज्ञ त्याचा हिशेब स्वतंत्र ठेवतात आणि उरलेल्यांना एकत्रितपणे मिथेनेतर म्हणतात.

झाडे काय सोडतात, आणि का

दाट जंगलाने झाकलेल्या दूरच्या डोंगररांगा उन्हाळ्यात निळसर दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स किंवा अमेरिकेतल्या ब्लू रिज या रांगा त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. हा निळसर पडदा झाडांतून बाहेर पडणाऱ्या टर्पिनांमुळे तयार होतो, अशी मांडणी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९६० मध्ये केली. टर्पिन म्हणजे पाइनच्या जंगलाला किंवा संत्र्याच्या सालीला येणाऱ्या वासातले हायड्रोकार्बन. हवेत त्यांचे ऑक्सिडीकरण झाले की जी संयुगे बनतात ती वायुरूपात राहत नाहीत, एकमेकांवर आणि असलेल्या कणांवर साचत जातात. असे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. वेंट यांचा मूळ विचार पुढच्या संशोधनात टिकला.

आयसोप्रीनची गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. झाडे हा वायू सोडतात हे १९५० च्या दशकात जॉर्जिया या देशातले (तेव्हाच्या सोव्हिएत संघातले) शास्त्रज्ञ गुईवी सानाद्झे यांनी दाखवले. पान प्रकाशसंश्लेषणातून जेवढा कार्बन मिळवते त्यातला एक-दोन टक्के वाटा ते आयसोप्रीनच्या रूपाने लगेच हवेत सोडून देते. ऊन तापले तर हे प्रमाण आणखी वाढते. इतक्या कष्टाने मिळवलेला कार्बन झाड असा का घालवते? एक उत्तर प्रयोगांतून मिळाले आहे. आयसोप्रीन बनवण्याची क्षमता काढून घेतलेली पॉप्लरची रोपे कडक उष्णतेचे झटके सहन करण्यात इतर रोपांपेक्षा कमी पडतात. म्हणजे हा खर्च झाड स्वतःच्या बचावासाठी करते. टर्पिन आणि आयसोप्रीन यांच्यात आणखी एक भेद आहे. पाइनसारख्या झाडांत टर्पिन राळेच्या नलिकांत साठवलेले असतात, त्यामुळे ते रात्रीही झिरपत राहतात. आयसोप्रीनचा साठा नसतो. ते प्रकाशात बनते आणि बनल्याबरोबर बाहेर पडते, म्हणून अंधार पडला की त्याचे उत्सर्जन थांबते. ओक, पॉप्लर, निलगिरी, तेल-ताड ही झाडे आयसोप्रीन भरपूर सोडतात. कित्येक झाडे जवळजवळ सोडतच नाहीत.

आयसोप्रीन, टर्पिन आणि वनस्पतींतून निघणारी इतर बाष्पनशील, म्हणजे सहज वाफ होऊन उडणारी, कार्बनी संयुगे मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन होतात. माणसाच्या कामांतून निघणाऱ्या मिथेनेतर संयुगांचे प्रमाण त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाच्या आसपास आहे. हा आकडा पुढे करून १९८० च्या सुमारास अमेरिकेत ‘प्रदूषण तर झाडेच जास्त करतात’ असा युक्तिवाद झाला होता. अध्यक्षपदाच्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी तो मुद्दा मांडला आणि त्यावरून मोठा गदारोळ उठला. टनांचा हिशेब त्यात फारसा चुकीचा नव्हता. निष्कर्ष चुकीचा होता. तो का, हे ओझोनच्या रसायनशास्त्रात शिरल्यावर कळते.

चिखल, पोट आणि पाइप

१७७६ च्या नोव्हेंबरात आलेस्सांद्रो व्होल्टा माजोरे सरोवराच्या काठच्या दलदलीत काठीने तळाचा गाळ ढवळत होते. वर येणारे बुडबुडे त्यांनी बाटलीत पकडले आणि पेटवून पाहिले. तो वायू म्हणजे मिथेन. गाळात ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथे एका खास जातीचे सूक्ष्मजीव सडणाऱ्या वनस्पतींच्या अवशेषांवर जगतात आणि मिथेन तयार करतात. ऑक्सिजनविरहित ओली जागा आणि खायला सेंद्रिय माल, एवढे मिळाले की हे सूक्ष्मजीव कुठेही कामाला लागतात. पाण्याने भरलेले भाताचे शेत, रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट, वाळवीचे आतडे, मातीखाली दाबलेला कचरा, या सगळ्या जागा त्यांच्या दृष्टीने सारख्याच. गाईम्हशींच्या पोटात बनलेला मिथेन बहुतांश ढेकरेतून, म्हणजे तोंडावाटेच बाहेर येतो.

वर्षाला जो साधारण ६० कोटी टन मिथेन हवेत जातो त्यातला जवळपास दोन-तृतीयांश माणसाशी संबंधित आहे. गुरे आणि त्यांचे शेण, तसेच कोळसा-तेल-वायूचा उद्योग, हे दोन गट प्रत्येकी सुमारे ११-१२ कोटी टनांचे. कचरा आणि सांडपाणी त्याखालोखाल. भातशेतीतून ३ कोटी टनांच्या आसपास. उरलेला मोठा भाग नैसर्गिक पाणथळ जागांचा. जमिनीच्या भेगांतून आपोआप झिरपणारा मिथेनही आहेच. तुर्कस्तानातल्या यानार्ताश इथे खडकातून येणाऱ्या वायूच्या ज्वाळा प्राचीन काळापासून जळत आहेत.

तेल आणि वायूच्या उद्योगात गळतीच्या जागा अनेक असतात. विहिरीचे तोंड, झडपा, दाब वाढवणारी यंत्रे, साठवण टाक्यांची झाकणे, जुन्या सोडून दिलेल्या विहिरी. नको असलेला वायू जाळून टाकण्यासाठी उंच धुरांड्यावर ज्योत पेटवलेली असते. जगभरात अशा ज्योतींत वर्षाला सुमारे १४०-१५० अब्ज घनमीटर वायू जळतो. ही ज्योत ९८ टक्के मिथेन नष्ट करते असे हिशेबात धरले जात असे. अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांवर विमानांतून प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा विझलेल्या आणि नीट न जळणाऱ्या ज्योती धरून सरासरी ९१ टक्के भरली. ऐकताना फरक सात टक्क्यांचा वाटतो. पण न जळता निसटणारा वायू दोन टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर गेला, म्हणजे साडेचार पट झाला, असा त्याचा अर्थ आहे.

मिथेनेतर हायड्रोकार्बनच्या मानवी स्रोतांबद्दल थोडक्यात सांगतो. पेट्रोल भरताना आणि टाकीतून उडणारी वाफ, गाड्यांचा धूर, तेलशुद्धीकरण, रंग आणि द्रावके, लाकूड-शेणी-पिकांचे अवशेष जाळणे. गाड्यांच्या बाबतीत एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधुनिक गाडीचा बराचसा हायड्रोकार्बन इंजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर पडतो, कारण धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक तापेपर्यंत काम करत नाही.

हवेची साफसफाई करणारा रेणू

हे सगळे हवेत गेल्यावर साचत का नाही? याचे उत्तर बराच काळ नीट माहीत नव्हते. १९७१ मध्ये हायरम लेव्ही यांनी दाखवून दिले की जमिनीलगतच्या हवेतही हायड्रॉक्सिल मूलक तयार होत असले पाहिजेत. मूलक म्हणजे रेणूचा अतिशय क्रियाशील तुकडा. एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन, एवढाच हा तुकडा. ओझोनवर अतिनील किरण पडले की त्यातून ऑक्सिजनचा एक चपळ अणू सुटतो, तो पाण्याच्या वाफेला भिडतो आणि दोन हायड्रॉक्सिल मूलक जन्माला येतात. म्हणून ऊन आणि ओलावा जिथे भरपूर, त्या उष्ण कटिबंधात हे मूलक सर्वाधिक.

हायड्रॉक्सिलचे आयुष्य एका सेकंदाच्या आसपास असते. हवेच्या साधारण २५ लाख कोटी रेणूंमागे तो एक सापडतो. इतक्या विरळ आणि क्षणभंगुर घटकावर साऱ्या वातावरणाची साफसफाई चालते, याचे मला आजही नवल वाटते. हवेतून नाहीशा होणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ९० टक्के मिथेन तोच संपवतो. तो हायड्रोकार्बनमधला एक हायड्रोजन खेचून घेतो किंवा दुहेरी बंधाला चिकटतो, आणि तिथून त्या रेणूची मोडतोड सुरू होते. शेवटी उरतात ते कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

इतका विरळ पदार्थ जगभर मोजायचा कसा? साऱ्या जगात थेट मोजणे अशक्यच. शास्त्रज्ञांनी आडवाट काढली. मिथिल क्लोरोफॉर्म हे औद्योगिक द्रावक फक्त माणूस बनवत होता, कारखान्यांकडून ते किती विकले गेले याच्या नोंदी होत्या आणि हवेत ते मुख्यतः हायड्रॉक्सिलमुळेच नष्ट होत असे. वरचा ओझोन थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचे उत्पादन बंद होत गेले तसे त्याचे प्रमाण घसरू लागले. त्या घसरणीच्या वेगावरून हायड्रॉक्सिल सरासरी किती आहे याचा हिशेब करता आला.

कोणत्या हायड्रोकार्बनला हायड्रॉक्सिल किती लवकर गाठतो, यावरून त्याचा प्रवास किती लांबचा हे ठरते. आयसोप्रीन जंगलाच्या आसपासच संपते. टोल्युइन दोन-एक दिवस, बेंझीन दहा-एक दिवस. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. त्याचा धोका रस्ते, पेट्रोलपंप आणि कारखान्यांजवळ सर्वाधिक, कारण दूर जाईपर्यंत ते विरळ होत जाते. इथेन दोन महिने टिकतो, म्हणून उत्तर गोलार्धात सुटलेला इथेन त्या गोलार्धभर पसरतो पण दक्षिणेत फार थोडा पोहोचतो. मिथेन मात्र कुठेही सोडा, तो साऱ्या जगाचा होतो.

इथेनच्या या मधल्या आयुष्याचा एक उपयोगही आहे. नैसर्गिक वायूबरोबर इथेन येतोच, दलदलीतून आणि गुरांच्या पोटातून तो जवळजवळ येत नाही. म्हणजे हवेतला इथेन वाढला तर तेल-वायू उद्योगाकडे बोट जाते. १९८० च्या दशकापासून २००९ च्या सुमारापर्यंत तो घटत होता. मग उत्तर गोलार्धात पुन्हा वाढू लागला, आणि त्यातला बराच भाग अमेरिकेतल्या वाढत्या तेल-वायू उत्पादनाशी जुळतो.

जमिनीलगतचा ओझोन

जमिनीपासून १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरचा ओझोन अतिनील किरणांपासून आपले रक्षण करतो. तोच ओझोन आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत असला तर फुफ्फुसांना इजा करतो, गहू आणि सोयाबीनसारख्या पिकांचे उत्पादन घटवतो. हा खालचा ओझोन कोणी सोडत नाही. तो हवेतच बनतो.

१९४३ च्या जुलैत लॉस एंजेलिसवर डोळे झोंबणारे धुरके दाटून आले. संशय कृत्रिम रबरासाठी ब्युटाडीन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद ठेवला तरी धुरके येतच राहिले. पुढे नेदरलँड्सहून आलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी या प्रश्नात लक्ष घातले. ते तोवर अननसाचा वास कोणत्या संयुगांमुळे येतो याचा अभ्यास करत होते. वासाची संयुगे पकडण्याची तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली. थंड नळ्यांतून हवा खेचली आणि तळाशी उग्र वासाचा तपकिरी द्रव गोळा झाला. त्यात अर्धवट ऑक्सिडीकरण झालेले हायड्रोकार्बन होते. मग त्यांनी पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे एकत्र करून त्यांवर प्रकाश सोडला. पात्रात ओझोन तयार झाला. वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्ट्यांना शहरात जशा भेगा पडत तशाच भेगा तिथेही पडल्या, झाडांच्या पानांवरही तीच इजा दिसली. तेल उद्योगाने या निष्कर्षांना जोरदार विरोध केला, पण ते टिकले.

यामागची यंत्रणा कळली की पुढचे बरेच कोडे सुटते. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडले की त्यातून ऑक्सिजनचा अणू सुटतो आणि तो हवेतल्या ऑक्सिजनला मिळून ओझोन होतो. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. जेवढा बनला तेवढा संपला, हिशेब बरोबर. हायड्रोकार्बन आला की हे संतुलन बिघडते. हायड्रॉक्सिलने हल्ला केलेला हायड्रोकार्बन ऑक्सिजन घेऊन पेरॉक्सी मूलक बनतो, आणि हा मूलक नायट्रिक ऑक्साइडला परस्पर नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये बदलून टाकतो. मग ओझोन खाणारा उरत नाही, बनवणारा मात्र पुन्हा तयार. फेरा फिरत राहतो आणि दुपारपर्यंत ओझोन साचत जातो.

म्हणजे ओझोनला तिघे लागतात: हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि ऊन. रेगन यांच्या काळातला युक्तिवाद इथे कोसळतो. माणसापासून दूर असलेल्या जंगलात हायड्रोकार्बन भरपूर, ऊनही भरपूर, पण नायट्रोजनची ऑक्साइडे फार थोडी, म्हणून तिथे ओझोन साचत नाही. तीच झाडे वाहनांनी भरलेल्या शहराभोवती असली की त्यांचे आयसोप्रीन ओझोन बनवण्याच्या कामी येते. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या अभ्यासातून हे ठळकपणे पुढे आले. तिथे फक्त गाड्यांचे हायड्रोकार्बन कमी करून ओझोन आटोक्यात येण्यासारखा नव्हता, कारण झाडे पुरेसा हायड्रोकार्बन पुरवत होती. नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर नियंत्रण आणणे भाग होते. झाडे तोडणे हा उपाय कधीच नव्हता.

याची दुसरी बाजूही खरी आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे फार जास्त झाली तर ती ओझोन खातात आणि हायड्रॉक्सिललाही अडकवतात. म्हणून गजबजलेल्या शहराच्या मध्यभागापेक्षा वाऱ्याच्या दिशेच्या उपनगरांत ओझोन जास्त आढळतो. लॉस एंजेलिसमध्ये अनेक वर्षे शनिवार-रविवारी ट्रक कमी धावत, नायट्रोजनची ऑक्साइडे घटत आणि ओझोन मात्र वाढे. अशा ठिकाणी हायड्रोकार्बन कमी करणे हाच जास्त कामाचा उपाय ठरतो. एका शहरात जो नियम गुणकारी तो दुसरीकडे तसाच लागू पडेल असे नाही, आणि हे न बघता केलेली धोरणे पैसा आणि वर्षे दोन्ही वाया घालवतात.

धोका कुठे दबा धरून आहे हे बोर्नियोतल्या एका अभ्यासाने दाखवले. मलेशियाच्या सबाह राज्यात २००८ मध्ये वर्षावनावरची आणि तेल-ताडाच्या मळ्यावरची हवा मोजली गेली. मळा वर्षावनापेक्षा कितीतरी जास्त आयसोप्रीन सोडत होता. तरी दोन्हीकडे ओझोन सारखाच कमी होता, कारण नायट्रोजनची ऑक्साइडे अजून कमी होती. ती औद्योगिक भागांइतकी वाढली तर ओझोन घातक पातळीवर जाईल असे गणित निघाले.

ओझोन उन्हाळ्यातच होतो, हा समजही अमेरिकेतल्या यूटा राज्याने मोडला. तिथल्या यूइन्टा खोऱ्यात हजारो तेल-वायू विहिरी आहेत. हिवाळ्यात थंड हवेचा पातळ थर खोऱ्यात अडकतो, विहिरींतून गळणारे हायड्रोकार्बन त्यातच कोंडले जातात आणि बर्फावरून परावर्तित झालेले ऊन त्यांच्यावर दोनदा पडते. २०१३ च्या हिवाळ्यात या विरळ वस्तीच्या भागात ओझोन राष्ट्रीय मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. त्याच खोऱ्यात ज्या वर्षी बर्फ नसतो त्या वर्षी हिवाळ्यातला ओझोनही वाढत नाही.

कण, ढग आणि अॅमेझॉनचे कोडे

टर्पिनांपासून बनणारे कण नुसते निळे दिसून थांबत नाहीत. फिनलंडमधल्या ह्युतिआला इथल्या वन-केंद्रात वर्षानुवर्षे चाललेल्या मोजणीतून दिसले की पाइनच्या जंगलावर वसंतात नवे सूक्ष्म कण जन्मतात आणि टर्पिनांच्या ऑक्सिडीकरणातून आलेल्या संयुगांवर ते वाढतात. पुरेसे मोठे झाले की त्यांच्यावर ढगांचे थेंब बनू शकतात. असे कण सूर्यप्रकाश परतवून हवा किंचित थंड ठेवतात. शहरात मात्र हायड्रोकार्बनपासून बनलेले कण फुफ्फुसांत खोल जातात आणि घातक सूक्ष्म कणांच्या एकूण भारात मोठी भर टाकतात.

अॅमेझॉनच्या बाबतीत सगळ्यांचाच अंदाज चुकला होता. इतके आयसोप्रीन म्हटल्यावर तिथला हायड्रॉक्सिल संपून जात असेल असे संगणकीय प्रारूपे सांगत. २००५ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशातल्या जंगलावर विमान नेऊन मोजणी केली तेव्हा हायड्रॉक्सिल अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाला. आयसोप्रीनच्या मोडतोडीतून हायड्रॉक्सिल परत तयार होतो, हे त्यातून कळले. जंगल आपण सोडलेल्या वायूची सफाई करणारी यंत्रणा बऱ्याच अंशी स्वतःच चालू ठेवते.

मिथेनची वाढ

१७५० च्या सुमारास हवेच्या दर अब्ज रेणूंमध्ये मिथेनचे ७३० च्या आसपास रेणू होते. आता ते १९०० च्या वर आहेत. पहिल्या २० वर्षांचा विचार केला तर मिथेन त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पटींच्या आसपास उष्णता अडकवतो, १०० वर्षांच्या हिशेबात २७ ते ३० पट. त्याचे आडवळणाचे परिणामही आहेत. तो हळूहळू मोडताना जगभर ओझोन वाढवतो, आणि वर स्थितांबरात, म्हणजे ओझोन थर असतो त्या उंचीवर, पोहोचलेला मिथेन तिथल्या कोरड्या हवेत पाण्याची वाफ तयार करतो. दोन्हींमुळे तापमान आणखी वाढते.

१९९९ ते २००६ या काळात मिथेनची वाढ थांबल्यासारखी झाली होती. २००७ पासून ती पुन्हा सुरू झाली. कारण शोधताना कार्बनच्या दोन समस्थानिकांचा, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंचा, आधार मिळतो. सूक्ष्मजीव हलका कार्बन जास्त वापरतात, म्हणून त्यांचा मिथेन खनिज इंधनांतल्या मिथेनपेक्षा हलका असतो. २००७ नंतर हवेतला मिथेन हलका होत चालला आहे. म्हणजे वाढीत पाणथळ जागा, गुरे, कचरा यांचा मोठा हात आहे. याचा अर्थ तेल-वायूची गळती घटली असा नाही. गळती वाढली असली तरी सूक्ष्मजीवांचा वाटा त्याहून वेगाने वाढल्यास हेच चित्र दिसेल.

२०२० मध्ये एक विचित्र गोष्ट घडली. टाळेबंदीमुळे जगभर वाहने आणि कारखाने मंदावले, तरी मिथेनची वाढ आधीच्या वर्षांपेक्षा वेगाने झाली. एका तपशीलवार अभ्यासात ही जादा वाढ दोन भागांत विभागली गेली. साधारण निम्मी पाणथळ जागांतून आली. उरलेली निम्मी हायड्रॉक्सिल घटल्यामुळे: नायट्रोजनची ऑक्साइडे कमी झाली, ओझोन कमी झाला, त्यामुळे हायड्रॉक्सिल कमी बनला आणि आधीच हवेत असलेला मिथेन जास्त टिकला. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करू नयेत असा याचा अर्थ मुळीच नाही, ती माणसांचे आयुष्य कमी करतात. पण ती कमी होत असताना मिथेनचे उत्सर्जन अधिक वेगाने खाली आणावे लागेल, एवढे यातून स्पष्ट होते.

काय आटोक्यात येते, काय नाही

हायड्रोकार्बन कमी करता येतात याचा सर्वांत भक्कम पुरावा लॉस एंजेलिसच देते. अमेरिकेत १९७५ पासून नव्या गाड्यांना उत्प्रेरक बसू लागले. १९६० च्या दशकापासून ५० वर्षांत तिथल्या हवेतले वाहनांचे हायड्रोकार्बन सुमारे ९८ टक्क्यांनी घटले, आणि याच काळात इंधनाची विक्री जवळजवळ तिप्पट झाली. वाहने स्वच्छ झाल्यावर मागे दडलेला दुसरा स्रोत वर आला. २०१८ मधल्या एका अभ्यासानुसार औद्योगिक देशांतल्या शहरांत खनिज तेलापासून आलेल्या बाष्पनशील संयुगांपैकी साधारण निम्मी आता रंग, गोंद, शाई, कीटकनाशके, साफसफाईची द्रावणे आणि सुगंधी प्रसाधने यांतून येतात. या वस्तू वापरायच्याच अशा असतात की त्यातले द्रावक उडून जावे. त्यामुळे घटकच बदलल्याशिवाय इलाज नाही.

मिथेनच्या बाबतीत मोठी गळती शोधणे आता सोपे झाले आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यन इथल्या भूमिगत वायुसाठ्याची विहीर फुटली आणि बंद करेपर्यंत जवळपास एक लाख टन मिथेन निसटला. सप्टेंबर २०२२ मध्ये बाल्टिक समुद्रातल्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या फुटल्या तेव्हा साडेचार लाख टनांहून अधिक मिथेन हवेत गेल्याचा अंदाज आहे. अशा घटना बातम्यांत येतात. पण वर्षाला ६० कोटी टनांच्या हिशेबात त्याही लहानच ठरतात. खरे नुकसान करतात त्या रोजच्या, बातमी न होणाऱ्या गळत्या. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचे ट्रोपोमी हे उपकरण रोज जगभरची हवा तपासते, आणि तुर्कमेनिस्तानसह अनेक देशांतल्या वायुक्षेत्रांवरचे मिथेनचे लोट त्यात पुनःपुन्हा दिसले आहेत. गळणारा वायू विकाऊ असतो, त्यामुळे असली कित्येक दुरुस्ती स्वतःचा खर्च स्वतः भरून काढते. तरीही ती वर्षानुवर्षे होत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

भाताच्या शेतात सतत पाणी न ठेवता मधे मधे ते उतरू दिले तर मातीत ऑक्सिजन शिरतो, सूक्ष्मजीव मंदावतात आणि मिथेन निम्म्याच्या आसपास घटू शकतो. कचराभूमीतला वायू नळ्या टाकून गोळा करता येतो. गुरांच्या बाबतीत उपाय आहेत पण हळू आणि अपुरे.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत मांडलेल्या जागतिक मिथेन संकल्पात दीडशेहून अधिक देश सामील झाले आहेत. २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत मिथेनचे उत्सर्जन ३० टक्क्यांनी कमी करायचे, हे त्याचे उद्दिष्ट. हा आकडा फक्त मानवी उत्सर्जनाचा आहे. दक्षिण सुदानमधल्या सुद या प्रचंड दलदलीवर २०१० नंतरच्या दशकात मिथेन वाढताना उपग्रहांना दिसला, कारण वरच्या सरोवरांतून जास्त पाणी आले आणि दलदल पसरली. उष्ण कटिबंधातल्या पाणथळ जागा तापमान आणि पावसाबरोबर अशाच वाढत गेल्या, तर माणसांनी ३० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठूनही हवेतला मिथेन अपेक्षेइतका उतरणार नाही. तेव्हा ती तूटही खाणी, विहिरी, गुरे आणि कचरा यांच्याच खात्यातून भरून काढावी लागेल.